संग्रहातला पहिला कोयता

फौजदारांनी खुंटीवरचं मुसळ उतरवलं आणि प्रोफेसर सबनिसांच्या हातात दिलं.

"पेलून बघा," ते म्हणाले. "नुसतं बघून कळत नाही."

सबनिसांनी ते पेललं. गिरगावात राहणाऱ्या माणसाला मुसळ जड की हलकं हे काय कळणार, पण त्यांनी जाणकारासारखी मान हलवली. मग फौजदारांनी हकीकत सांगितली. जावेनं जावेला मारलं होतं, भरदुपारी, उखळापाशी, एका चिंचेच्या झाडाच्या वाटणीवरून. पहिला घाव कानशिलावर बसला आणि बाई जागच्या जागी गेली. त्यानंतरचे सहा घाव मेलेल्या बाईला घातले. मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कड्यात केसांचा पुंजका अडकला होता, तो आपण स्वतःच्या हातानं सोडवून पुडीत बांधला, असं सांगून त्यांनी ते कडं अंगठ्यानं पुसलं. सबनिसांनी मुसळ घाईघाईनं परत केलं.

कुणी तिकिटं जमवतं, कुणी शंखशिंपले. फौजदार आबाजी शितोळ्यांनी खून जमवले होते. घाटावर आणि घाटाखाली मिळून तीस वर्षं पोलिसात काढलेला हा माणूस पेन्शन घेऊन भिसेगावात स्थायिक झाला, आणि घराच्या कडेची लांबट खोली त्यानं संग्रहालय करून टाकली. एकवीस खुंट्या, एकवीस हत्यारं. कुऱ्हाडी होत्या, विळे होते, एक पहार होती, आणि स्वयंपाकघरातून उचलून आणल्यासारखा एक साधा वरवंटाही होता. प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर साल, मेलेल्याचं नाव, मारणाऱ्याचं नाव, आणि शेवटी तांबड्या शाईत 'फाशी' किंवा 'जन्मठेप'. खटला संपला की असला मुद्देमाल नष्ट करायचा असतो ना, असं सबनिसांनी विचारलं. कागदावर नष्ट केल्याचाच शेरा आहे, आबाजी म्हणाले आणि मिशीत हसले. कायद्याच्या नावानं माणसं फासावर चढवलेल्या या गृहस्थानं तेवढा एक कायदा स्वतःच्या हौसेसाठी वाकवला होता.

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि युनूसच्या टांग्याला बरे दिवस आले होते. कर्जत स्टेशनावर मुंबईचा कुणी जुन्या गोष्टींचा शौकीन उतरला की युनूस त्याला कोंदिवड्यापर्यंत नेई, तिथून वाटाड्या देऊन कोंडाण्याची लेणी दाखवी, आणि परतताना आबाजींच्या दारात टांगा उभा करी. दोन हजार वर्षांचे दगड आणि काल-परवाचे खून एका दिवसात बघून होत. बहुतेकांना लेण्यांपेक्षा आबाजींची खोलीच जास्त लक्षात राही, हे युनूसला केव्हाच कळलं होतं. आज मात्र त्यानं सबनिसांबरोबर आणखी एक माणूस आणलं होतं.

ती उंबऱ्याच्या आत भिंतीला पाठ लावून उभी होती. कडेवर सबनिसांची टोपली होती. टोपलीत मापाची टेप, वही आणि उरलेल्या दशम्या. पाहुण्यांचं सामान वाहणारी बाई आहे, असं युनूसनं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं, कारण लेण्यांपासून टोपली तीच वाहत होती. आबाजींनी टोपलीकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहायचं राहून गेलं. तिचं नाव सुंदरा. राजमाचीच्या पायथ्याला करवंदवाडी नावाची ठाकरांची दहा-बारा घरं आहेत, तिथली. समोरच्या भिंतीवर, अगदी कोपऱ्यातल्या खुंटीला, तिच्या नवऱ्याचा कोयता असणार होता आणि तो घेऊन जायला ती आली होती.

बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, पोशाला, जंगलच्या गार्डाच्या खुनाबद्दल ठाण्याला फाशी झाली. मढं घरी आलं नाही. करवंदवाडीत माणूस गेला की त्याच्या हातची एखादी वस्तू देवाच्या माळावर पुरतात आणि वर दगड उभा करतात, म्हणजे तो वाडवडलांत बसला. घरात लग्न निघालं की पहिलं बोलावणं त्या दगडांना जातं. पोशाचा दगड नव्हता. आता त्याच्या लेकीचं, आवडीचं, लग्न ठरलं होतं, आणि बाप बसल्याशिवाय पोरीला हळद लागायची नाही, असं वाडीच्या जाणत्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पोशाचं म्हणून घरात काही उरलं नव्हतं. तपासाच्या वेळी झोपडीच जाळली गेली होती. त्याचा कोयता फौजदाराच्या भिंतीवर असल्याचं तिला युनूसनं सांगितलं. सरळ मागितलास तर मिळणार नाही, हेही त्यानंच सांगितलं. आधी खोलीत तर शिर, पुढचं पुढं, असं दोघांचं ठरलं होतं.

आबाजी पाहुण्याला एकविसाव्या खुंटीपासून उलटे पहिल्या खुंटीकडे नेत असत. वरवंट्याची हकीकत झाली. पहारीची झाली, तिनं एका म्हाताऱ्याला झोपेतच बाजेसकट जमिनीत रोवलं होतं. मग चुलत्या-पुतण्यांची कुऱ्हाड आली. तिच्या दांड्यावरचा काळा डाग दाखवून आबाजींनी रक्त लाकडात किती खोल मुरतं ते समजावलं. सबनिसांना आता बसायला काही मिळालं तर हवं होतं, पण खोलीत खुर्ची नव्हती. सुंदरा प्रत्येक खुंटीबरोबर एक पाऊल पुढं सरकत होती. तिला बाकीच्या वीस खुनांशी काही कर्तव्य नव्हतं. तिची नजर कोपऱ्यावर होती, आणि तिथं अजून पुरता उजेड पोचत नव्हता.

"आणि हा," कोपऱ्याजवळची खिडकी उघडत आबाजी म्हणाले, "हा आमचा पहिला. ह्यानं मला शिकवलं."

खुंटीवर कोयता होता. पातं गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलेलं, मूठ हातात फिरून काळसर गुळगुळीत झालेली. आबाजींनी तो उतरवला आणि सांगायला लागले. इतक्या वेळा सांगून त्या हकीकतीला आता धार आली होती.

येसाजी नावाचा जंगलचा गार्ड आपल्या चौकीच्या मागे पालथा पडलेला सापडला. मान तीन हिस्से तुटलेली, एका बाजूच्या कातड्यावर धरलेली. शेवटचा घाव खांद्याच्या हाडात बसला होता आणि कोयता तिथंच रुतून राहिला होता. तो काढायला आबाजींना मढ्याच्या पाठीवर पाय द्यावा लागला. गार्डाशी ज्यांची कधी बाचाबाची झाली होती असे जवळच्या वाडीतले पाच ठाकर त्यांनी उचलले आणि आंब्याला बांधले. पहिल्या दिवशी वेताची छडी चालली. दुसऱ्या दिवशी भिजवलेला काथ्याचा दोर. तिसऱ्या दिवशी सकाळी एकेकाची नखं. त्यात चौघं बोलायला लागले, पण चौघांनी चार वेगळ्याच माणसांची नावं घेतली. पाचवा काही केल्या तोंड उघडेना. त्याच्या उजव्या हाताला दोनच नखं उरली होती आणि तो पाखराकडं बघत बसल्यासारखा झाडाकडं बघत होता.

सबनिसांनी वही मिटून काखेत धरली. सुंदरा जागची हलली नाही. नखांचं तिला माहीत होतं. त्या चौघांपैकी दोघं अजून वाडीत जिवंत होते आणि त्यांचे हात ती रोज बघत होती.

"मग मला सुचलं," आबाजी म्हणाले. "पाटावर हा कोयता ठेवला आणि पाट त्याच्यापुढं सरकवला. मारलं नाही, बोललो नाही. त्यानं हा बघितला आणि पांढराफटक पडला. लटलटा कापायला लागला. पाय धरले माझे. 'माझाच आहे साहेब, मीच मारला.' तीन दिवसांच्या मारानं जे झालं नाही ते नुसत्या दर्शनानं झालं. हत्यार बोलतं, प्रोफेसर. खुनी माणसाला सगळं बघवतं, आपलं हत्यार बघवत नाही."

तेव्हापासून प्रत्येक तपासात आपण हीच युक्ती वापरली, आणि हे सगळं तिचंच फळ, असं म्हणत त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. वीस वेळा पाट पुढं सरकवला आणि वीस वेळा माणूस कबूल झाला. सबनिसांना काहीतरी विचारायला हवं होतं, म्हणून त्यांनी मुठीकडे बोट केलं. मुठीच्या टोकापाशी एक आडवी खोलगट खाच होती, चाकूनं कोरून मग घासून गुळगुळीत केलेली. ही कशासाठी?

"रक्तानं मूठ निसटू नये म्हणून," आबाजी म्हणाले. "त्यानं आधीपासून तयारी केली होती. सरकारी वकिलांनी कोर्टात बरोबर हेच दाखवलं. नाहीतर रागाच्या भरात केलं म्हणून जन्मठेपेवर सुटला असता. ह्या खाचेनं त्याला फाशी दिली."

सुंदरानं टोपली खाली ठेवली आणि पुढं आली.

"सायेब, जरा माज्या हातात द्या."

आबाजींनी तिच्याकडे आता पहिल्यांदा नीट बघितलं. हमाल बाईनं असं काही मागावं याचं त्यांना नवल वाटलं, पण रागही आला नाही. हत्यार हातात घेऊन बघा, हे ते स्वतःच प्रत्येकाला सांगत. युनूस दारातून म्हणाला, द्या की साहेब, डोंगरातली बाई आहे, कोयत्यातलं तिला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यावर आबाजी हसले आणि त्यांनी कोयता तिच्यापुढं धरला.

तिनं मूठ धरली. तिची उजवी करंगळी लहानपणी जात्याच्या खुंट्याखाली मोडून तशीच वाकडी सांधली गेली होती. बाकीची बोटं मिटली तरी ती मिटत नसे, आडवी बाहेर राहत असे. ती करंगळी मुठीच्या टोकावरच्या खाचेत जाऊन बसली. तिळाएवढीही फट राहिली नाही. सबनिसांनीही ते बघितलं.

"ह्यो त्याचा नाय," सुंदरा म्हणाली.

"कुणाचा नाही?"

"पोशाचा. मी त्याची बाईल. ह्यो माजा हाय."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं, मध्येच थांबत, कोयत्याकडे बघत. लाकडं तोडताना बाई सापडली की गार्ड तिचा कोयता काढून घेई. सगळ्या रानात हीच रीत होती. आठ वाड्यांच्या बायकांचे कोयते त्याच्या चौकीच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले असत, आणि ते सोडवायला जी बाई एकटी जाई तिची गत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. सुंदराला तर सोडवायला जावंही लागलं नाही. त्यानं कोयता घेतला आणि तिला केसाला धरून त्याच वेळी चौकीत ओढलं. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा त्यानं तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती संध्याकाळी घरी गेली आणि नवऱ्याला सांगितलं की, नदीच्या डोहावर पाय घसरला, डोक्याला लागलं आणि कोयता पाण्यात गेला. खरं सांगितलं असतं तर तो तस्साच चौकीवर गेला असता.

पोशा दोन दिवस त्या डोहात बुड्या मारत होता. मूठ त्यानंच तिवसाच्या लाकडाची घडवली होती, तिच्या वाकड्या करंगळीला जागा करून. दुसऱ्या दिवशी कानातून रक्त यायला लागलं तेव्हा तो पाण्याबाहेर आला. सुंदरा काठावर बसून बघत होती आणि तिनं तरीही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी गार्ड मेला. तिला वाटलं, पोशाला कुठून तरी कळलं आणि त्यानं स्वतःच्या कोयत्यानं गार्डाला तोडला. तिला त्याचा भयंकर राग आला. एका शब्दानं तिला न विचारता त्यानं हे केलं, आणि आता सगळी वाडी, सगळं कोर्ट तिच्या अंगावरची गोष्ट चघळणार. ठाण्याला भेटायला येऊ देतात असा निरोप आला, तरी ती गेली नाही. सुटून आलेल्या एकानं पोशाचा निरोप आणला होता, 'सुंदराला सांग, गप ऱ्हा म्हनावं.' तो आपल्याला दोष देतो आहे, असं तिनं धरलं. बारा वर्षं तिनं त्या चार शब्दांवर काढली आणि आवडीजवळही बापाचं नाव काढलं नाही.

"खोटं बोलतेस," आबाजी म्हणाले.

जित्याची खोड म्हणतात ती अशी. हात आपोआप उठला आणि तिच्या कानशिलात बसला. ती भिंतीवर आदळली. दोन चिठ्ठ्या फाटून खाली आल्या आणि पहार खुंटीवरून निसटून दणदिशी जमिनीवर पडली. आबाजींनी तिचा दंड पिरगाळला, तिला खिडकीच्या उजेडात ओढलं, आणि अगदी जुन्या आवाजात विचारलं, मग गार्डाला तूच मारलंस म्हण की. तिच्या ओठातून रक्त आलं होतं. युनूस मध्ये पडायला धावला आणि अर्ध्यावर थांबला, कारण धार लावलेला कोयता अजून तिच्या उजव्या हातात होता आणि आबाजींचा गळा हातभरावर होता. सबनीस दाराबाहेर गेले होते.

तिनं कोयता उचलला नाही. आबाजींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी दंड सोडला आणि एक पाऊल मागं घेतलं.

"मला ठाव नाय कुनी मारला," ती म्हणाली. "तितं कोयत्यांची रास व्हती. आठ वाड्यांत कुनाची बी बाईल आसंल, कुनाचा बी दादला आसंल. पन तुमी पोशाला धरला तवा त्याच्या कमरंला आकडी व्हती. आकडीत कोयता व्हता का नाय?"

आबाजींना ते आठवत होतं. पाचही ठाकर त्यांनी रानातून उचलले होते, आणि पाचांच्याही कंबरेला मागं लाकडी आकडीत कोयते होते. ते काढून घेताना त्यांनी स्वतः मोजले होते. ठाकराच्या कंबरेला एकच कोयता असतो. दुसरा बाळगण्याइतकं लोखंड त्याच्याकडे नसतं, हे तीस वर्षं डोंगर तुडवलेल्या फौजदाराला कुणी सांगायला नको होतं. चौकीच्या कोपऱ्यातला ढीगही त्यांनी पाहिला होता. नऊ कोयते होते, एकावर एक टाकलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्यांचं झालं होतं, आणि त्या वळशात एक माणूस गेला होता. कदाचित एकच नाही. दारातून परत आत डोकावलेले सबनीस कोयत्याकडे बघत नव्हते. ते उरलेल्या वीस खुंट्यांकडे बघत होते.

 मग आबाजींनी घसा साफ केला.

"घेऊन जा तो," ते म्हणाले. "तुझाच आहे तर ने."

"माजा घिऊन काय करू? मला त्याचा पायजे."

युनूसनं तेव्हा फौजदारांना आवडीच्या लग्नाचं आणि माळावरच्या दगडाचं सगळं सांगितलं. आबाजींनी ऐकून घेतलं. त्या पाच कोयत्यांचं काय झालं, हे त्यांना आठवत होतं, आणि ते न सांगण्याची इच्छाही झाली असावी, कारण त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. ते मोडीत गेले, ते शेवटी म्हणाले. पहिल्याच वर्षी, इतर भंगाराबरोबर. त्यांना काही किंमत नव्हती, कारण त्यांनी कुणाला मारलं नव्हतं.

सुंदरानं मान खाली घातली. एवढ्यासाठी ती चार तास चालून आणि टोपली वाहून आली होती, थप्पड खाल्ली होती, आणि आता लेकीला काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. युनूस तिच्याजवळ उकिडवा बसला. मूठ पोशानं घडवली ना, त्यानं विचारलं. त्याच्या हातची वस्तूच लागते ना तुमच्या माळावर? मग मूठ त्याच्या हातचीच आहे. पातं तुझं असू दे. तिनं मुठीवरून अंगठा फिरवला आणि बऱ्याच वेळानं होकार दिला. जाणते कबूल होतील, ती म्हणाली.

आबाजींना हायसं वाटलं. आता ती जाईल, असं त्यांना वाटलं, आणि ती जावी अशी त्यांना फार घाई झाली होती. त्यांनी पडलेली पहार उचलून खुंटीला लावली. ती वाकडी लागली, पुन्हा लावली. सुंदरा मात्र उठायच्या ऐवजी जमिनीवर नीट मांडी घालून बसली आणि कोयता तिनं पदरात घेतला.

"तुमी पाट म्होरं सारला," ती म्हणाली. "मंग काय झालं? झालं तसंच सांगा."

"मघाशी सांगितलं ना."

"त्ये ह्यांना सांगितलं. आता मला सांगा."

आबाजी खिडकीशी गेले. शेकडो माणसांना त्यांनी ही हकीकत सांगितली होती, मामलेदाराच्या पाहुण्यांना, शाळामास्तरांना, एकदा एका गोऱ्या साहेबाला, आणि कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आता पहिलंच वाक्य सापडेना. 'त्यानं बघितला आणि पांढराफटक पडला,' इथवर ते म्हणाले, आणि थांबले.

"नाही," ते म्हणाले. "कापला वगैरे नाही. पायही धरले नाहीत. ते मी नंतर घातलं."

सुंदरा वाट बघत होती.

"बघत बसला. खूप वेळ. मला वाटलं, आता हाही काही बोलत नाही. मग हात बांधलेले होते म्हणून वाकला, आणि मुठीला कपाळ लावलं. मी विचारलं, ओळखतोस? तर त्यानं मलाच उलट विचारलं." आबाजींनी खिडकीची दांडी धरली. "ते मी कुणाला सांगत नाही. अडाणी माणूस, काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय असं वाटलं मला, बाई. कागदावरही घेतलं नाही."

"काय इचारलं?"

"म्हणाला, सायेब, बायामान्सालाबी फाशी देता काय?"

सुंदरानं पदरातल्या कोयत्याची मूठ धरली.

"मी म्हटलं, देतो. मग तो म्हणाला, तर मग ह्यो माजा हाय."

सबनीस हलक्या पावलांनी बाहेर जाऊन टांग्यापाशी उभे राहिले आणि घड्याळ बघू लागले. थोड्या वेळानं युनूसही आला. त्यानं घोडा टांग्यातून सोडला, सावलीत नेऊन बांधला आणि त्याच्यापुढं गवत टाकलं.